ईश्वरदास कापगते यांचे जलविमान

ईश्वरदास कापगते यांनी उभ्या आयुष्यात विमानात पाऊल ठेवले नव्हते. तरीही दक्षिण अमेरिकेतील एका बलाढ्य विमान कंपनीचा इतिहास शिकवण्यास पात्र असा दुसरा मनुष्य गोंदिया शहरात नाही, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. लोकांनी हे मान्य करावे एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. आणि लोकांची तेवढीही लायकी नाही, हे त्यांना फार पूर्वीच कळून चुकले होते.

इतिहासात एम.ए., सेट उत्तीर्ण, वय चोपन्न. एकवीस वर्षे ते जिल्ह्यातील निरनिराळ्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवत आले होते. तासिका तत्त्व म्हणजे वर्गात उभे असेपर्यंत प्राध्यापक, आणि घंटा वाजली की रस्त्यावरचा कोणीही. ज्यांना पानिपताचे सन धड सांगता येत नव्हते अशी माणसे त्यांच्या डोळ्यांदेखत कायम झाली, विभागप्रमुख झाली, शाल-श्रीफळ घेऊन निवृत्तही झाली. त्या प्रत्येकाच्या निरोप समारंभात गौरवपर भाषण मात्र ईश्वरदासांनाच करावे लागे, कारण संपूर्ण संस्थेत शुद्ध बोलणारा तेवढा एकच इसम होता.

या अन्यायावर त्यांच्यापाशी एकच शस्त्र होते, तक्रार अर्ज. शिक्षण खाते, एसटी, वीज मंडळ, ग्रामपंचायत, कोणीही त्यातून सुटले नव्हते. शेकडो अर्जांपैकी यश आले ते एकाच अर्जाला, आणि तेही विद्येच्या प्रांतात नव्हे. नवेगाव बांधच्या कोसभर अलीकडे त्यांचे गाव होते. तेथे पूर्वजांनी खोदलेला लहानसा तलाव होता आणि त्याच्या पाण्यावर उन्हाळी धान पिके. त्यांच्या आईची, धुरपताबाईंची, बांधी, म्हणजे धानाचे खाचर, पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला. वरचे शेतकरी पाणी वळवून घेत आणि शेवटची बांधी कोरडी राही. दोन वर्षांपूर्वी ईश्वरदासांनी पाच पानी अर्ज केला आणि तालुक्याच्या कार्यालयातून आपल्याच मसुद्यावर लेखी आदेश आणला: तलावाचे दार, ज्याला गावात तुडूम म्हणतात, ते एकदा उघडल्यावर शेवटच्या बांधीत पाणी पोहोचेपर्यंत कोणीही, कोणत्याही कारणास्तव बंद करू नये. त्या आदेशाची एक प्रत त्यांनी स्वतः तलावाच्या पाणकराला, म्हणजे पाणी वाटणाऱ्या बिसरामला, खाली आपली सही करून दिली होती. बिसराम त्यांचा चुलतभाऊ होता. शिक्षण सातवी. त्याला प्रत देताना ईश्वरदासांनी ती वाचूनही दाखवली होती, दोनदा.

असा हा विद्वान शेवटी मुन्नालालच्या दारात आला. मुन्नालाल पूर्वी राईस मिलचे पट्टे आणि बेअरिंग विकत असे. खाली दुकान तसेच ठेवून त्याने वरच्या मजल्यावर मुलींना हवाई सेविका करण्याची अकादमी काढली होती. भिंतीवर ढगांचा कागद चिकटवलेला, दोन रांगांत बारा खुर्च्या, मध्ये अरुंद वाट; हीच विमानाची केबिन. दिल्लीहून आलेल्या अभ्यासपुस्तिकेत जगातील एका विमान कंपनीचा ‘सखोल अभ्यास’ सक्तीचा होता, आणि ती कंपनी निघाली कोलंबिया देशातली आविआंका.

“हीच का?” ईश्वरदासांनी पहिल्या दिवशी विचारले होते.

“सर, इंडिया की कंपनी पढ़ाओगे तो लड़की का मामा पूछेगा, नौकरी कब लगवा रहे हो,” मुन्नालाल पान चघळत म्हणाला. “कोलंबिया में फोन कौन लगाएगा?”

या उत्तरातील निर्लज्जपणा ईश्वरदासांना इतका परिपूर्ण वाटला की त्यांनी ते वाक्य वहीत टिपून घेतले. तरी त्यांनी काम स्वीकारले, कारण मुन्नालालने असे काही म्हटले होते जे एकवीस वर्षांत एकाही संस्थाचालकाने म्हटले नव्हते. कौशल्य परिषदेची तपासणी पार पडू द्या, मग तुम्हाला कायम करतो. लेखी ऑर्डर देतो. ‘कायम’ हा शब्द ऐकताच ईश्वरदासांनी तासिकेचा दरही न विचारता होकार दिला. तसा तो दिल्याबद्दल त्यांना स्वतःचाही तिरस्कार वाटला.

पुस्तिका भिकार होती. सनांचा घोळ, नद्यांची नावे चुकीची, आणि भाषांतर असे की वाचताना दात आंबावेत. तिचा तिरस्कार करता करता ईश्वरदासांनी स्वतः शोध सुरू केला. शब्दकोश घेऊन स्पॅनिश मजकूर लावला, जुने नकाशे पाहिले, आणि कधी नव्हे ते एखाद्या विषयात गुंतले. डिसेंबर १९१९. बारांकिया हे बंदर. काही कोलंबियन आणि काही जर्मन मंडळी एकत्र येतात आणि विमान कंपनी काढतात. सर्वांत जुन्या डच विमान कंपनीनंतर अवघ्या दोन महिन्यांनी. म्हणजे आजही उडणाऱ्या कंपन्यांत जवळजवळ सर्वांत जुनी. आणि हे कुठे? जेथे धावपट्टी नव्हती, धड रस्ता नव्हता, होती ती फक्त माग्दालेना नावाची एक नदी.

“त्या नदीतून आगबोटी चालत,” ते वर्गात सांगत. “राजधानीकडे जाणारा माणूस, पत्र, कापड, सर्व काही बोटीने. पाणी भरपूर असले तर आठवडाभरात प्रवास होई. पाणी उतरले की बोट वाळूत रुतून बसे, आणि मग पंधरा दिवस, महिनाभर तेथेच. या कंपनीने काय केले? विमानाला चाकांऐवजी तरंगणारी पायताणे लावली आणि नदीलाच धावपट्टी केले. नदीच्या वळणांवर नजर ठेवून वैमानिक उडत, पाण्यावर उतरत, पुन्हा उडत. उष्ण हवेत इंजिने तापत, तेव्हा त्यांचे रेडिएटर बदलून घ्यावे लागले. बोटीला जेथे आठवडा लागे तेथे हे एका दिवसाच्या उजेडात पोहोचत. टपाल वाहून नेण्यासाठी कंपनीने स्वतःची तिकिटेसुद्धा छापली. सरकारची नव्हे, स्वतःची! राजधानी बोगोता मात्र डोंगरावर, अडीच हजार मीटरहून उंच. तेथे नदी नाही. म्हणून विमान नदीकाठच्या गावी थांबे आणि पुढे लोक आगगाडीने चढत.”

बारा मुली वहीत फुले काढत होत्या. या मुलींनी गळ्याभोवती रुमाल बांधावा, चहाचा ट्रे धरावा आणि ‘ब्वेनोस दियास’, म्हणजे सुप्रभात, म्हणावे, याखेरीज मुन्नालालला त्यांच्याकडून काहीही नको होते. आणि ईश्वरदासांच्या मते त्यांची झेपही तेवढीच होती. फक्त दरेकसाहून रोज गाडीने येणारी भूमिका नावाची मुलगी हात वर करून उभी राहिली.

“सर, नदीचं पानी उतरलं का मंग इमान कुठी उतरे जी?”

वर्ग हसला. ईश्वरदासांना याचे उत्तर ठाऊक नव्हते. पुस्तिकेत नव्हते, नकाशात नव्हते, आणि ते शोधावे असे त्यांना कधी सुचलेही नव्हते. तलाव बांधणाऱ्यांच्या वंशातील माणसाला दरेकसाच्या डोंगरातल्या मुलीने पाण्याबद्दल पेचात पकडावे, हे त्यांना सहन होण्यासारखे नव्हते.

“प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे. बसा,” ते म्हणाले.

दाराशी उभ्या मुन्नालालने मात्र वेगळेच ऐकले होते. त्याचे डोळे चकाकले. “सर! पानी पे उतरने वाला विमान! हम बनाते हैं न!”

तपासणी फेब्रुवारीतल्या शनिवारी ठरली होती. पंधरा दिवसांत मुन्नालालने मासेमार ढीवरांकडून दोन डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, आणवले, त्यांवर फळ्या ठोकल्या, आणि राईस मिलच्या जुन्या पत्र्यांचा विमानाच्या आकाराचा सांगाडा उभा केला. पंखांवर काय लिहावे यावरून ईश्वरदासांनी तीन दिवस वाद घातला. कंपनीचे आजचे नाव १९४० चे आहे, जलविमाने त्याआधीची, तेव्हा इतिहासाशी इमान राखायचे तर जुने नावच लिहिले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. वीरेंद्र पेंटरने हे सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि मुन्नालालच्या सांगण्यावरून दोन्ही पंखांवर अकादमीचा मोबाईल नंबर रंगवला.

नवेगाव बांधच्या मोठ्या तलावावर परवानगीची कटकट होती. तेव्हा ईश्वरदासांनीच आपल्या गावचा तलाव सुचवला. उथळ बाजूला गाडीरस्ता थेट काठापर्यंत जातो, तेथे पाणी वीतभरच, साहेबांचे पाय ओले न होता विमानात बसता येईल. त्यांनी जागा स्वतः नक्की केली, काठीने पाणी मोजले, वहीत आकृतीही काढली.

गुरुवारी बिसरामचा फोन आला होता.

“मास्तर, उद्या सांजच्याले पाळीवर सभा हाय. येजो.”

“मला तपासणीची कामे आहेत. तुमच्या त्या सभांत निरर्थक बडबडीपलीकडे काय असते?”

“ते आल्यावर समजते.”

“मग मला समजायला नको,” असे म्हणून ईश्वरदासांनी फोन ठेवला. प्रत्येक हंगामात पाणी सोडण्याचा दिवस तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सर्व खातेदारांसमक्ष ठरतो. ही रीत त्यांच्या आजोबांच्याही आजोबांपासूनची होती. सभेला जो येत नाही, त्याला तो दिवस कोणी घरी जाऊन सांगत नाही. ईश्वरदास बारा वर्षांत एकाही सभेला गेले नव्हते. त्यांना पाणी हवे असले की ते अर्ज करीत.

शनिवारी सकाळी सात वाजता ते तलावावर पोहोचले तेव्हा विमान जागेवरच होते. पाणी नव्हते.

आदल्या संध्याकाळी सभा संपता संपता तुडूम उघडले गेले होते. रात्रीतून पाणी उतरले होते जेमतेम वीतभर. पण उथळ बाजूचा तळ परातीसारखा सपाट. तेथे वीतभर पाणी उतरले की चाळीस पावले चिखल उघडा पडतो. हे गावातील प्रत्येक शेंबड्या पोराला ठाऊक होते आणि लहानपणी ईश्वरदासांनाही ठाऊक होते. त्या चिखलात दोन डोंगे तिरपे रुतले होते, पत्र्याचा एक पंख आकाशाकडे आणि दुसरा बेशरमीच्या झुडपात. पंखावर दोन बगळे बसले होते.

बिसराम पाळीवर उकिडवा बसून दातून करीत होता.

“तुडूम बंद कर,” ईश्वरदास धापा टाकत म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. फक्त दुपारपर्यंत. वरच्या नाल्याचे पाणी वळवून इकडे थोडी पातळी चढवता येईल.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? दिसत नाही का? दहा वाजता तपासणी अधिकारी येत आहेत!”

“मंग येऊ द्या ना. पानी का त्यायच्यासाठी सोडलं हाय? धानासाठी सोडलं.” बिसरामने चूळ भरली. “आन् मास्तर, शेवटच्या बांधीत पानी पोचलं नाही अजून. तिथं पोचल्याबिगर मले बंद नाही करता येत.”

“शेवटची बांधी माझ्या आईची आहे! मी सांगतो ना, आमची हरकत नाही!”

बिसराम उठला. पाळीवरच्या खोपट्यात गेला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद घेऊन आला. उन्हापावसात तो पिवळा पडला नव्हता की दुमडला नव्हता. ईश्वरदासांच्या कागदांची एवढी निगा आजवर कोणत्याही कार्यालयाने राखली नव्हती.

“वाचू का?” बिसराम म्हणाला. “‘कोणीही, कोणत्याही कारणास्तव बंद करू नये.’ खाली तुहीच सही हाय. कोणीही मंजे तू बी आलास ना गा त्याच्यात? दोन डाव वाचून दाखवलं होतं तू मले. मी का इसरलो?”

ईश्वरदासांनी कागद हातात घेतला. भाषा निर्दोष होती. पळवाट म्हणून एक स्वल्पविराम शोधावा, तर तोही त्यांनी ठेवला नव्हता. स्वतःच्या लेखनशैलीचा त्यांना इतका संताप यापूर्वी कधी आला नव्हता.

नऊ वाजता मुन्नालाल मुलींची गाडी घेऊन आला. चिखल पाहून त्याने आधी कपाळावर हात मारला, मग भराभर फोटो काढले: मुली पुढे, विमान मागे, चिखल फोटोबाहेर. “ऐसे ही ठीक है,” तो म्हणाला. “सर, आप लेक्चर दो. लेक्चर में तो पानी नहीं लगता न?”

साडेदहाला कौशल्य परिषदेचे केशोराव आले. पोट सुटलेले, चष्मा कपाळावर, झोप डोळ्यांवर. काठावरच्या आंब्याखाली खुर्ची मांडलेली होती, त्यात ते बसले. ईश्वरदास चिखलात, पंखाशेजारी उभे राहिले. पायजम्याच्या दोन्ही कडा ओल्या झाल्या होत्या. तेथून त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या एकवीस वर्षांतले सर्वोत्तम व्याख्यान होते.

त्यांनी १९१९ पासून सुरुवात केली. बोटी कशा रुतत, रुतलेल्या बोटीत लोक डास मारत कसे आठवडे काढत, आणि त्या चिखलाला कंटाळूनच आकाशाची वाट कशी शोधली गेली, हे सांगितले. १९४० मध्ये दुसऱ्या कंपनीशी मिळून नवे नाव आले, मग मोठी विमाने आली, डोंगरावरच्या विरळ हवेतून उडण्याची विद्या आली, पुढे मध्य अमेरिकेतल्या कंपनीशी संयोग झाला. वैमानिकांचा दीर्घ संप झाला. शंभरी पार पडली आणि लगेच २०२० मध्ये महामारीने विमाने जमिनीवर आणली, तेव्हा ही कंपनी धनकोंपासून संरक्षण मागायला न्यायालयात गेली आणि दीड वर्षाने, अंगावरचे मांस उतरवून, बाहेर आली. “शंभर वर्षे जुन्या संस्थेलाही कायम असे काही मिळत नाही,” असे वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेले आणि ते स्वतःच चपापले.

केशोराव घोरत होते. रांगेत उभ्या मुलींपैकी फक्त भूमिका ऐकत होती. बोलणे थांबताच ती हळूच म्हणाली, “सर, म्या इचारलं होतं ना, पानी उतरल्यावर कुठी उतरते म्हणून?”

या वेळी कोणी हसले नाही. पाळीवरून बिसराम तेवढा म्हणाला, “पोरीले अक्कल हाय बा.”

जेवण झाले. केशोरावांनी कोंबडीचे हाड चोखत दोन पानी अहवाल पुढे सरकवला. तो घरूनच भरून आणलेला होता. ‘विद्यार्थिनींनी जलविमान उतरवण्याचे व प्रवासी सेवेचे प्रात्यक्षिक पाण्यावर समाधानकारकरीत्या सादर केले.’ खाली विषयशिक्षकाच्या सहीची जागा रिकामी होती. मुन्नालालने खिशातून दुसरा कागद काढला आणि अहवालाशेजारी उलगडून ठेवला. अकादमीचे शीर्षपत्र, ईश्वरदासांचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, आणि मधोमध ठळक अक्षरांत तो शब्द. कायम. शुद्धलेखनही बरोबर होते.

“पहले इधर साइन, फिर ये आपका,” मुन्नालाल म्हणाला.

ईश्वरदासांनी पेन उघडले. समोर चिखल होता, बगळे होते, पंखावरचा मोबाईल नंबर होता. आजवर त्यांनी ज्या ज्या कागदांविरुद्ध अर्ज केले, ते सर्व असेच होते: न घेतलेल्या तासांचे, न झालेल्या तपासण्यांचे, न आलेल्या पाण्याचे, आणि त्या प्रत्येकाखाली कोणा ना कोणाची सही होती. सही करणाऱ्यांना त्यांनी आयुष्यभर तुच्छ मानले होते. तुच्छ मानण्यापलीकडे त्यांच्यापाशी दुसरे काही शिल्लकही नव्हते.

त्यांनी ‘पाण्यावर’पासून ‘सादर केले’पर्यंत एक सरळ रेघ ओढली आणि समासात, आपल्या वळणदार अक्षरात, शेरा लिहिला: ‘शेवटच्या बांधीस पाणी मिळावे म्हणून तलावाचे दार नियमानुसार उघडे होते. स्थळी पाणी नसल्याने प्रात्यक्षिक झाले नाही. तपासणी अधिकारी व्याख्यानाच्या वेळी झोपलेले होते.’ खाली सही केली. तारीख घातली. वेळही घातली.

केशोरावांनी ते वाचले. मुन्नालालकडे पाहून ते म्हणाले, “दुसरी प्रत आहे ना गाडीत? मॅनेजर म्हणून तुमची सही चालते.” आणि हात धुवायला उठले.

एवढेच. जग कोसळले नाही, कोणी रागावलेसुद्धा नाही. मुन्नालालने ऑर्डरची घडी केली, ती परत खिशात ठेवली आणि जवळजवळ मायेने म्हणाला, “आप घंटे वाले ही ठीक हो, सर. सोमवार को बारा बजे की क्लास है, भूलना मत.”

ईश्वरदास पाटाच्या कडेने चालत निघाले. हा मनुष्य चोर आहे, तो अधिकारी निर्लज्ज आहे, बिसराम आडमुठा आहे, आणि ज्या शेऱ्याने काडीचाही फरक पडला नाही तो शेरा लिहिणारा महामूर्ख आहे, अशी मनातल्या मनात त्यांनी नव्या तक्रार अर्जाची जुळवाजुळव चालवली होती. पाटाच्या टोकाला, धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या मातीच्या कडेवर, धुरपताबाई काठी टेकून बसल्या होत्या.

“झाला का रे ईसर, कायम?”

“नाही.”

“मंग का करत होतास दिसभर?”

“शेरा लिहिला.”

तिच्या पायाशी बांधीत पाणी शिरत होते, संथ, मातकट, भेगा भरत. “लिहिनं तुले पहिल्यापासून जमते,” म्हातारी म्हणाली. “पानी आलं, पाह्य. पन तिकडं धुरा फुटला हाय, वाहून चाललं सारं. उभा काऊन राहिला? माती टाक.”

ईश्वरदासांनी इकडेतिकडे पाहिले. फावडे नव्हते. धुरा कोणी फोडला, याची चौकशी व्हायला हवी होती. वरच्या बांधीवाल्याचा संशय घेण्यास पुरेसा आधार होता. त्यांनी बाह्या वर केल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि दोन्ही हातांनी चिखल उचलून भगदाडात टाकू लागले. सोमवारी १९४० शिकवायचे होते.